योग्य व हलके आवरण

ज्या कोणी 'योग्य व हलके आवरण वापरावे' हे पाच शब्द लिहिले, त्या माणसाने आयुष्यात एकही विमान गुंडाळलेलं नाही. विमान जाऊ द्या, त्याने कधी वहीलासुद्धा स्वतःच्या हाताने कव्हर घातलेलं नसणार. हा आरोप आहे, आणि तो पूर्ण शुद्धीत केलेला आहे. हौशी विमानांच्या स्पर्धेसाठी समितीने चौदा पानांची नियमावली काढली. त्यात स्पर्धकाने छातीवर लावायच्या बिल्ल्याला दोन पानं दिली आहेत. बिल्ला डावीकडे असावा, टाचणी आडवी असावी, भिजल्यास दुसरा मिळणार नाही. सायकली कुठे लावाव्यात याचा नकाशा आहे, त्या नकाशात झाडंसुद्धा काढली आहेत. पण ज्याच्यावाचून विमान नुसता काड्यांचा पिंजरा राहतं, त्या आवरणाला पाच शब्द! योग्य म्हणजे कोणतं? हलकं म्हणजे किती? त्यावर अळीमिळी गुपचिळी.

या पाच शब्दांनी एका सरळमार्गी माणसाची काय गत केली, ती सांगायची आहे.

माणूस टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसतो. तेवीस वर्षं लोकांची पार्सलं तोलतो, म्हणून कचेरीत त्याला 'काटा' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो. काट्याचा जगातल्या फार थोड्या गोष्टींवर विश्वास आहे, पण वजनावर आहे. वस्तू तोलली, आकडा लिहिला, शिक्का मारला, विषय संपला. माणसं मात्र त्याला तोलता येत नाहीत. त्यातही सासरे तर अजिबात नाहीत.

सासरे म्हणजे बायकोचे वडील. नोकरीत असताना नकाशे काढायचे. वर्षभरापूर्वी ते काट्याच्या घरी राहायला आले, आणि येताना एक कपड्यांची पिशवी व बाल्सा लाकडाच्या पट्ट्यांचा एक भारा घेऊन आले. मागून ट्रकने एक लांब पेटी आली, ती न उघडताच माळ्यावर गेली. बाल्सा हे लाकूड आहे यावर काट्याचा पहिले चार दिवस विश्वास बसला नाही. हातात घेतलं की हातात काही नाहीच असं वाटायचं. त्या पट्ट्यांमधून सासऱ्यांनी अकरा महिन्यांत एका विमानाचा सांगाडा उभा केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फूट पंख, पंखात बावीस फासळ्या, प्रत्येक फासळी ब्लेडने कापलेली आणि सँडपेपरने इतकी घासलेली, की उजेडात धरली तर पलीकडचा उजेड दिसावा. पुढे पंखा, पोटात रबराची दोरी. दोरीला पीळ द्यायचा, सोडायचं, बस. हे अकरा महिने जेवणाचं टेबल विमानाकडे होतं आणि घर स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने जेवत होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण सासरे बोलत नाहीत, नुसतं बघतात.

काट्याला या कामात स्थान नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याला डिंकाची बाटली धरायला सांगितलं होतं. ती त्याने जरा तिरकी धरली. सासऱ्यांनी बघितलं. मग बाटली त्याच्या हातातून काढून खुंटीला बांधली. त्या दिवसापासून खुंटी हा घरातला कर्ता जावई झाला.

आणि मग स्पर्धेला बारा दिवस उरले असताना सासऱ्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी. दुसरा डोळा आधीच नावापुरता. डॉक्टरांनी बारीक काम पंधरा दिवस बंद केलं. बोटं तर त्याआधीपासूनच थरथरत होती. शेवटच्या फासळ्या त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून चिकटवल्या होत्या, हे फक्त बायकोने पाहिलं होतं.

"पुढच्या वर्षी उडवू, बाबा," बायको म्हणाली.

"पुढच्या वर्षी हात असतील का, ते हातांना विचार," सासरे म्हणाले. मग पट्टी बांधलेलं तोंड त्यांनी काट्याच्या दिशेने वळवलं. म्हणजे साधारण दिशेने. खरं तर ते कपाटाशी बोलत होते. "जावईबापू, आवरण तुम्ही घाला."

काट्याने मागे वळून पाहिलं. मागे दुसरा जावई नव्हता.

तेवीस वर्षांत साहेबाने शाबासकी दिली नव्हती, अकरा महिन्यांत सासऱ्यांनी बाटली दिली नव्हती, आणि आता अख्खं विमान! "घालतो की," तो म्हणाला. "कशाचं घालू?"

"ते तुमच्यावर सोपवलंय."

ही परीक्षा आहे, हे काट्याने तिथल्या तिथे ओळखलं. कुठल्याही परीक्षेत परीक्षकालाच उत्तर विचारायचं नसतं. म्हणून त्याने नियमावली काढली, पाच शब्द वाचले, पान उलटून पाठीमागे काही आहे का ते बघितलं. मागे सायकलींचा नकाशा होता.

*

विमानांच्या सामानाचं गावात एकच दुकान. दुकानदार काऊंटरच्या मागे एका मोडक्या विमानाच्या पंखाने वारा घेत बसला होता.

"तीन प्रकार," तो म्हणाला. "टिश्यू कागद, रेशीम, आणि इस्त्रीने चिकटते ती प्लास्टिकची फिल्म. कागद हलका, पण फाटतो. रेशीम टिकतं, पण वार्निश पितं. फिल्मला वार्निश लागत नाही, पण ती जड."

"मग माझ्या विमानाला कोणतं?"

"ते विमान कसं आहे त्यावर."

"कसं असलं की कोणतं?"

दुकानदाराने वारा घेणं थांबवून विचार केला. "ते उडवल्यावर कळतं," तो म्हणाला.

"पण उडवायच्या आधी लावायचं ना?"

"हो, आधीच. नंतर लावून काय उपयोग?"

हे संभाषण काट्याने घरी जाताना तीन वेळा मनात फिरवून पाहिलं. त्यात त्याला कुठेही चूक सापडली नाही, आणि तरी हातात काही लागलं नाही. हातात फक्त दुकानातले शेवटचे दोन टिश्यू कागद होते, गुंडाळी करून. नवे महिन्याने येणार होते.

बातमी जिन्यातून त्याच्या आधी वर गेली होती. दाराशी शिवणबाई उभ्या. वरच्या मजल्यावर राहतात, तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, अजूनही समोरच्याशी बोलताना त्याच्या कॉलरकडे बघतात.

"कागद?" गुंडाळी पाहून त्या म्हणाल्या. "विमान आहे की शेंगदाण्याची पुडी? अहो, पाच मिनिटं वारा लागला की चिंध्या होतील. रेशीम लावा. माझ्याकडे एक जुना रुमाल आहे, मोठा, गळ्याभोवती बांधायचा. हवेसारखा आहे. आणि हे बघा, उभा धागा पंखाच्या लांबीने घ्यायचा. आडवा घेतलात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"कागदालासुद्धा उभा-आडवा असतो का हो?" काट्याने भीतभीत विचारलं.

"सगळ्याला असतो," शिवणबाई म्हणाल्या. "माणसांनासुद्धा असतो. तुमची कॉलर बघा."

खाली कोपऱ्यावर इस्त्रीवाला. त्याने काट्याला लांबूनच हाक मारली. "साहेब! कागद, रेशीम, काय ऐकताय लोकांचं? फिल्म आणा. इस्त्रीचं काम आहे ते. इस्त्रीच्या कामात शिवणबाईंना काय कळतं? माझ्या हातून एक सुरकुती राहिली तर ही इस्त्री मी विहिरीत टाकीन."

"पण जड असते म्हणतात."

"कोण म्हणतं? तोलली का कोणी?"

तोलली का कोणी! काट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा प्रश्न त्याला आधीच का सुचला नव्हता? जगात मतं खूप असतात, काटा एकच असतो. दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीवाल्याकडून फिल्मचा एक उरलेला तुकडा मिळवला. तो त्याच्याकडे का होता हे विचारू नका. कुणीतरी टेबलाला लावायला आणला होता. फिल्म, टिश्यू आणि शिवणबाईंचा रुमाल अशा तिन्ही वस्तू पिशवीत घालून तो कचेरीत गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याने त्या एकेक करून पार्सलच्या काट्यावर ठेवल्या.

टिश्यू: शून्य. रेशीम: शून्य. फिल्म: शून्य.

सरकारी काटा शंभर ग्रॅमच्या खाली कशाचीच दखल घेत नाही, हे काट्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या काट्याने आपल्याला असं तोंडावर पाडणं वेगळं. शेजारच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "तिन्ही सारख्याच हलक्या दिसतात. कोणतीही लाव." कचेरीच्या नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. म्हणूनच काट्याला जास्त लागलं.

शेवटी औषधांच्या दुकानात पुड्या तोलायचा छोटा काटा होता, तो उपयोगी पडला. औषधवाला त्याचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या खोकल्याच्या बाटल्यांची पार्सलं काटा वर्षानुवर्षं तोलत आला. औषधवाल्याने हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली, सांगाडा आणवला, तीन खोक्यांवर तो तोलून धरला आणि हिशेब मांडला. पंखा, रबर, सांगाडा मिळून एकशे शहात्तर ग्रॅम. नियमात वजन दोनशेपर्यंत. म्हणजे आवरणाला चोवीस. सगळं विमान कागदाने गुंडाळलं तर आठ ग्रॅम, रेशमाने पंधरा, फिल्मने छत्तीस.

"कागद," औषधवाला म्हणाला, आणि डॉक्टरने रोगाचं नाव सांगावं तसा चष्मा काढला.

काट्याने मान डोलावली. प्रश्न संपला होता. आयुष्यात पहिल्यांदाच विमानाच्या बाबतीत त्याला शांत झोप लागली.

*

पण कागद नुसता लावून भागत नाही. तो पाण्याच्या फवाऱ्याने ओला करायचा, म्हणजे वाळताना ताणला जातो. आणि मग त्यावर डोप नावाचं पातळ वार्निश फिरवायचं, म्हणजे हवा आरपार जात नाही. डोप पेट घेतं. म्हणून ते विकत घ्यायला परवाना लागतो. परवान्याची कचेरी दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, आणि पाटीवर लिहिलेलं: 'ज्वलनशील पदार्थांसंबंधी चौकशी करू नये.' म्हणजे चौकशीसाठी दुसरी खिडकी होती. ती बंद होती.

उघड्या खिडकीतल्या माणसाने अर्ज दिला. काट्याने 'कारण' या रकान्यात खरं ते लिहिलं: विमानास आवरण. त्या माणसाने ते वाचून आतून दुसरा, जाडजूड अर्ज काढला.

"विमानाचा वेगळा असतो," तो म्हणाला. "नोंदणी क्रमांक?"

"नाही."

"आसनसंख्या?"

"शून्य."

माणसाने पेन थांबवलं. "शून्य आसनं? मग लोक उभे राहून जातात का?"

"लोक जात नाहीत."

"मग विमान कशाला?"

"सासऱ्यांचं आहे," काटा म्हणाला.

"मग असं सांगा ना. वैमानिक: सासरे." माणसाने लिहून घेतलं. "वय?"

"एकोणऐंशी."

"बरं. डोळे तपासल्याचा दाखला जोडा."

"त्यांच्या डोळ्याची आत्ताच शस्त्रक्रिया झालीय. पट्टी आहे."

खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. त्याने काट्याकडे, मग अर्जाकडे, मग आकाशाकडे पाहिलं. "पट्टी बांधून विमान चालवणार?" त्याचा आवाज चढला. रांगेतली माणसं मागे सरकली. एका बाईने विचारलं, कोणत्या दिवशी, म्हणजे त्या दिवशी त्या घराबाहेर पडणार नाहीत.

काटा अर्धा तास बोलला. त्याने हाताने पंखाची लांबी दाखवली, फासळ्या दाखवल्या, रबराला पीळ देऊन दाखवला. मागच्या रांगेतला एक म्हातारा सुतार अखेर वैतागला. "अहो, 'फर्निचर' लिहा," तो म्हणाला. "इथे सगळे फर्निचरच लिहितात."

काट्याने पहिला, साधा अर्ज परत घेतला आणि 'फर्निचर' लिहिलं. दोन मिनिटांत शिक्का बसला. बाटली मिळाली. तेवीस वर्षांत त्याने पार्सलवर खोटं वर्णन लिहिणाऱ्या किती लोकांना परत पाठवलं होतं, ते त्याला जिन्यातून उतरताना एकेक करून आठवत गेले.

*

आता घडलं ते सांगताना लेखणी अडते. पण सांगायला हवं, कारण त्यातही समितीचाच हात आहे.

नियमावलीच्या अकराव्या पानावर आणखी एक कलम होतं: आवरणाचा दहा सेंटीमीटरचा चौरस नमुना तीन प्रतींत अर्जासोबत जोडावा. एक समितीला, एक परीक्षकांना, एक दप्तराला. दप्तराला विमानाच्या कागदाचं काय करायचं होतं, देव जाणे. पण नियम म्हणजे नियम. काटा कात्री घेऊन बसला. आणि पार्सल कचेरीचं एक कलम त्याच्या हाडीमाशी रुजलेलं आहे: संशयित मालाचा नमुना घ्यायचा तर कडेचा घेऊ नये, मालाच्या मधला घ्यावा. कडेला चांगला माल लावून मध्ये भुसा भरणारे लोक त्याने आयुष्यभर पकडले होते.

तर त्याने दोन्ही कागद पसरले आणि मधोमध, अगदी मोजून, तीन चौकोन कापले. कडा पट्टीने तपासल्या. नमुने पाकिटात घातले, पाकीट स्वतः तोललं, तिकीट लावलं आणि टपालात टाकलं. मग समाधानाने घरी येऊन कागद उजेडात धरले.

दोन कागद. तीन खिडक्या. पलीकडून बायको दिसत होती.

"अहो," बायको म्हणाली, "हे पंखाला कसं पुरणार?"

काट्याने कागद सरळ धरले, आडवे धरले, तिरके धरले. कुठूनही धरले तरी खिडक्या होत्याच. अर्धं आयुष्य नियमाने वागल्यावर नियमाने असा दगा द्यावा! तो खाली बसला. बाजूच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "जमतंय का, जावईबापू?"

"हो, हो! अगदी!" काटा ओरडला.

"बाबांना सांगा ना खरं," बायको हळूच म्हणाली.

"मला अकरा महिन्यांनी बाटली मिळालीय," काटा म्हणाला. "खुंटीला परत द्यायची नाही."

मग जे व्हायचं ते झालं. खिडक्या चुकवून निघालेल्या कागदात डावा पंख झाला आणि उरलेले तुकडे जोडून धड झालं. काट्याने डाव्या पंखावर फवारा मारला आणि वाळायला तो भिंतीला टेकवून ठेवला. ओला पंख पाटावर टाचण्यांनी सपाट बसवून वाळवायचा असतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाच शब्दांत ते नव्हतं आणि सायकलींच्या नकाशातही नव्हतं. संध्याकाळपर्यंत कागद तबल्यासारखा ताणला आणि पंखाच्या टोकाला ओला टॉवेल पिळावा तसा पीळ बसला.

उजव्या पंखाला शिवणबाईंचा रुमाल लागला. शिवणबाईंनी समोर उभं राहून उभा धागा तपासला. रेशीम खरंच हवेसारखं होतं. पण त्याच्यावर डोप लावलं की ते पी पी पिऊ लागलं, आणि कोरडंच दिसायचं. काटा पुन्हा लावायचा. "कोरडं तोललं होतं हो," तो बायकोला सांगत राहिला. "चार ग्रॅम होतं. मी स्वतः तोललंय." एकदा तोललेली वस्तू नंतर पीत बसते, हे तेवीस वर्षांत त्याच्या खिडकीवर कधी घडलं नव्हतं. एकही पार्सल तहानलेलं नव्हतं.

शेपटीला काहीच उरलं नाही. तिथे फिल्म आली, आणि फिल्मबरोबर इस्त्रीवाला स्वतः आला, कोळशाची इस्त्री घेऊन. त्याने सुरकुती एकही ठेवली नाही. फक्त शेपटीची एक कड जराशी वितळून वर आली. जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला.

बाजूच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे भिंत चाचपत दारात आले. इस्त्रीवाल्याने इस्त्री मागे लपवली, जणू पट्टीतून ती दिसणार होती.

"टेबल कुठंय?" सासरे म्हणाले.

काट्याने त्यांचा हात धरून टेबलावर ठेवला. सासऱ्यांची थरथरती बोटं डाव्या पंखावरून फिरली. कागद. पिळाशी ती थांबली, पुढे गेली. धडावर तुकड्यांच्या शिवणी मोजल्यासारखी थांबत थांबत गेली. उजव्या पंखावर रेशीम. शेवटी शेपूट, प्लास्टिक, वितळलेली कड.

शिवणबाईसुद्धा कॉलर विसरल्या.

"बाबा, माझ्याकडून..." काटा बोलायला लागला.

"तीन प्रकार लावलेत तुम्ही," सासरे म्हणाले.

"हो."

"मला एकही कधी लावता आला नाही." सासरे खुर्चीत बसले. "माळ्यावरची ती लांब पेटी आठवते ना, मी आलो तेव्हा ट्रकमधून आली होती? त्यात आणखी तीन सांगाडे आहेत. पहिला मी पंचविशीत केला. सांगाड्यापर्यंत मला सगळं येतं. पण कागद लावायचा म्हटलं की हात आखडायचा. चूक झाली तर काय, म्हणून झाकून ठेवायचो. म्हणायचो, नीट विचार करून लावू. विचार करता करता चोपन्न वर्षं गेली."

काटा पुढे सरकला. "म्हणजे... कोणतं लावायचं ते तुम्हालाच माहीत नव्हतं?"

"नाही बुवा."

"मग माझ्यावर का सोपवलंत?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," सासरे म्हणाले. "तुम्ही आयुष्यभर गुंडाळलेल्याच वस्तू बघत आलात."

*

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर दोरी बांधलेली होती. दोरीच्या आत समितीचं टेबल, त्यावर नमुन्यांच्या पाकिटांचा ढीग, त्यामागे सचिव. काट्याने बिल्ला डावीकडे, टाचणी आडवी, असा लावला होता. विमान समितीच्या वजनकाट्यावर ठेवलं. एकशे नव्व्याण्णव. काट्याची छाती बिल्ल्यासकट फुगली.

"नमुना टिश्यूचा आहे," सचिव पाकीट उघडून म्हणाले. "हे काय आहे?"

"टिश्यूच आहे. डावीकडे. उजवीकडे रेशीम, मागे फिल्म."

सचिवांनी अर्ज फिरवून दाखवला. 'आवरणाचा प्रकार (एकच लिहावा).' "तीन चालत नाहीत."

"का?"

"रकाना एक आहे."

"साहेब, वजन बसतंय. यांनी अकरा महिने केलंय हे. तीन नमुने तुम्हीच मागितलेत, त्यातच कागद संपला..."

"नियमात योग्य आवरण लावा असं स्पष्ट लिहिलंय."

"योग्य म्हणजे कोणतं?"

"जे नियमात बसतं ते," सचिव म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.

काटा आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसत आला. आपणही लोकांशी असंच बोलत असू का, हा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने लगेच हाकलला, कारण त्या दिवशी रागवायचं काम जास्त महत्त्वाचं होतं.

ते दोरीच्या बाहेर आले. सासऱ्यांची पट्टी दोन दिवसांपूर्वी निघाली होती. ते डोळे बारीक करून बघत होते. "उडवायला परवानगी लागते का, दोरीच्या बाहेर?" त्यांनी विचारलं.

"नियमावलीत दोरीच्या बाहेरचं काही नाही," काटा म्हणाला. त्याला चौदा पानं पाठ झाली होती.

बायकोने धड धरलं, सासऱ्यांनी पंखा फिरवून रबराला पीळ दिला. दोनशे फेरे त्यांनी मोठ्याने मोजले. मग विमान त्यांनी काट्याच्या हातात दिलं. "सोडा तुम्ही. सरळ धरा. बाटलीसारखं नको."

काट्याने सोडलं.

उजवा पंख रेशमाने जड झाला होता, म्हणून विमान उजवीकडे कलायला हवं होतं. डाव्या पंखाला पीळ होता, म्हणून ते डावीकडे वळायला हवं होतं. दोघांनाही आपलं म्हणणं रेटता आलं नाही, आणि विमान सरळ गेलं. दोरीवरून गेलं. वितळलेल्या शेपटीमुळे जरा नाक वर करून, मानी माणूस चालावा तसं गेलं. मैदानावरची स्पर्धक विमानं गोल गोल फिरत होती, त्यांच्यामधून ते कुणाकडेही न बघता निघालं. सासरे मागे धावत होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यात औषधाचे थेंब, आणि तोंडाने नुसतं "अरे, अरे, अरे!"

रबराचा पीळ संपला तेव्हा विमान समितीच्या टेबलावर होतं. ते नमुन्यांच्या पाकिटांवर अलगद उतरलं. एकही पाकीट फाटलं नाही, पंखही नाही.

समितीने ते जप्त केलं. विनापरवाना प्रवेश. काट्याने विमान मागितलं, सचिवांनी पावती करायला सांगितली. पावती लिहिणारी बाई विमान फिरवून फिरवून बघत होती. "साहेब, आवरणाच्या रकान्यात काय लिहू? एकच लिहायचंय. हे तीन आहेत."

"लिहा काहीतरी," सचिव वैतागून म्हणाले. "ते आपलं नेहमीचं लिहा."

तिने नेहमीचं लिहिलं. ती पावती इथे समोर आहे. शिक्का आहे, सही आहे, आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलंय: आवरण – योग्य व हलके.

तर समितीला एवढंच विचारायचं आहे. तुमच्याच सहीने आवरण योग्य आहे आणि हलकं आहे, तर विमान बाद कसं? आणि बाद असेल, तर योग्य कोणतं ते एकदा लेखी सांगा. काट्याने तीन पत्रं टाकली, तिन्ही स्वतः तोलून. उत्तर नाही. घाई यासाठी, की त्या दिवशी मैदानावरून आल्या आल्या सासऱ्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. चोपन्न वर्षांपूर्वीचा पहिला सांगाडा आता टेबलावर आहे, घर पुन्हा ओट्यापाशी उभ्याने जेवतंय, आणि डिंकाची बाटली खुंटीवरून सोडून काट्याच्या हातात आली आहे. आवरण या वेळी सासरे स्वतः लावणार आहेत. ते रोज सकाळी विचारतात, "आलं का हो उत्तर?"

सांगाडा तयार आहे. माणूस एकोणऐंशीचा आहे. कोणतं लावायचं? बोला!